दहा दिवसांचे भंतेजी

मनामा, बहारीन
शनिवार, १२ एप्रिल २०२५

प्रिय दादा आणि वहिनी,
सप्रेम जय भीम.

आधी घटना, क्रमाने.

१. ३ एप्रिलला दुपारी दादाने श्रामणेर शिबिरातला स्वतःचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मुंडण, चीवर, हातात भिक्षापात्र.

२. चार मिनिटांनी बाबांनी तो इथल्या बौद्ध मंडळाच्या ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, "माझा मुलगा रुपेश. साधू साधू साधू." शिबिर दहा दिवसांचं असतं आणि नंतर चीवर परत द्यायचं असतं, हे लिहिलं नाही.

३. अध्यक्ष गमरे काकांनी उत्तर दिलं, "मंडळाला स्वतःचे भंतेजी मिळाले."

४. अडतीस जणांनी हात जोडले. बाबांनीही जोडले.

५. ४ एप्रिलच्या सभेत 'भंतेजी निवास व्यवस्था उपसमिती' नेमली गेली. सदस्य तीन. त्यातला एक सुगत, गमरे काकांचा मुलगा, जो अमवाजला लिफ्टच्या मेंटेनन्सला आहे.

६. ९ एप्रिलला उपसमिती आपल्या घरी आली. तुमचा डबल बेड वरच्या मजल्यावर झोहरा खालांकडे गेला. त्यांच्या लेकीला, लाईबाला, तो हवाच होता.

७. त्या जागी एक पलंग आला. रुंदी नव्वद सेंटिमीटर. भिक्खूंनी उंच आसनावर झोपायचं नसतं म्हणून सुगतने त्याचे पाय करवतीने कापले. उंची आता एकवीस सेंटिमीटर. खिडकीकडचा डावा पाय सहा मिलिमीटर जास्त कापला गेला आहे. मी लेव्हल लावून पाहिलं. माणूस कुशीवर वळला की पलंग एकदा 'टक' करतो.

८. आईकडे बायका सांत्वनाला येत आहेत. आजवर अकरा. वहिनी, त्या तुमच्यासाठी येतात. नवऱ्याने संसार सोडला म्हणून.

घटना संपल्या.

हे मी मेलवर लिहिते आहे, कारण घरच्या ग्रुपवर टाकलेलं काहीही बाबा पुढे पाठवतात. वरच्या क्रमांक दोनचं मूळ तेच आहे.

श्रामणेर शिबिर म्हणजे काय, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. गमरे काकांनी स्वतः दोनदा केलं आहे. पण तुम्ही दोघं नोकऱ्या सोडून दोन वर्षं धम्म शिकायला गेलात, आणि दुसरं वर्ष संपताना हा फोटो आला. लोकांनी बेरीज केली. त्यांना भंतेजी इतके हवे आहेत की बेरीज बरोबर येण्याची शक्यताच नव्हती. तुम्ही नव्हतात म्हणून सांगते: जानेवारीतल्या लग्नात नागपूरचे भंतेजी व्हिडिओवर होते. पंचशीलाच्या तिसऱ्या शीलावर त्यांचं नेट अडकलं. वर-वधू अकरा मिनिटं हात जोडून उभे होते. वधूच्या मामांनी "दोन शीलं कमी घेऊन पुढे जाऊ या" असं सुचवलं.

मी बाबांना म्हटलं, खुलासा टाका. ते म्हणाले, "टाकतो गं. लोक एवढे खूश आहेत, दोन दिवस राहू दे." या गोष्टीला आठ दिवस झाले.

आता मुद्दा. तुम्ही ज्यासाठी परत येत आहात तो मुलांचा शुक्रवारचा वर्ग, आणि लग्न-नामकरणाचे विधी, हे मंडळाने फेब्रुवारीत "रुपेश व सौ. नीलम" यांना द्यायचं ठरवलं होतं. ४ तारखेच्या इतिवृत्तात तिथे "भंते रुपेश" एवढंच आहे. वहिनींचं नाव काढलं आहे.

तुमचं ८ मेचं विमान आहे. काय सांगायचं, कोणी सांगायचं आणि कधी, ते कळवा.

उल्का

---

नागपूर
मंगळवार, १५ एप्रिल

प्रिय उल्का,
जय भीम!

तुझा मेल मी रुपेशला मोठ्याने वाचून दाखवला. क्रमांक सहा त्याने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, "आपला बेड दिला? दिला म्हणजे दिलाच?" बाकी सात मुद्द्यांवर त्याला काही म्हणायचं नाही.

अगं, अकरा बायका! कोण कोण, यादी पाठव. आणि रिकाम्या हाताने आल्या नसतील, डब्यात काय होतं तेही लिही. मी इथे कूलरसमोर बसून कलिंगड खातेय, नवरा शेजारी घोरतोय, आणि तिकडे माझ्यासाठी लोक डोळे पुसतायत. इतकी माया मला लग्नात मिळाली नव्हती.

भंतेजींची बातमी अशी. शिबिर १२ तारखेला संपलं. चीवर धुऊन, घडी घालून परत दिलं. पण दहा दिवसांची सवय जात नाहीये. आंघोळीनंतर टॉवेलसुद्धा डाव्या खांद्यावर घेतो आणि जमिनीकडे बघत हळूहळू चालतो. काल जयंतीच्या मिरवणुकीतही तसाच चालत होता, मागच्या लेझीम पथकाने त्याला दोनदा ढकललं. दुपारी बारानंतर जेवत नाही म्हणतो आणि साडेबाराला "हे जेवण नाही, चिवडा आहे" असं सांगतो.

हसून झालं. आता खरं लिहिते.

उल्का, मी अदलियातल्या त्या चष्म्याच्या दुकानातली चांगली नोकरी सोडून इथे आले ती नवऱ्यामागे आले असं सगळ्यांना वाटतं. अर्ज आधी मी भरला होता. रुपेश माझ्यामागे आला. दोन वर्षं मी पालि शिकले, पाच-सहा वर्षांच्या मुलांसमोर उभं राहून शिकवायला शिकले, नामकरणापासून पुण्यानुमोदनापर्यंतचे सगळे विधी शिकले. बौद्धाचार्य संसारी माणूस असतो, भिक्खू नसतो. तो कोणाच्याही घरी जातो, चहा पितो, लग्न लावतो, आणि ते काम मला करायचं आहे. मला भंतेंची सोडलेली बायको व्हायचं नाही, आणि रुपेशची बायको म्हणून सतरंज्या अंथरायलाही यायचं नाही. तो वर्ग मला हवा आहे. एवढं तू लक्षात ठेव, बाकी पलंगाचं काय ते होईल.

गमरे काकांशी तू बोल. तू बोललीस की लोक वाद घालत नाहीत, मापं काढून दाखवशील अशी त्यांना भीती असते.

तुझी,
नीलम वहिनी

ता. क. सुगतने पाय कापले, सुगत अमवाजला असतो. गमरे काकांच्या मुलाबद्दल मला याआधी दोन वर्षांत तू एक वाक्य लिहिलं नव्हतंस. सहज विचारते.

---

मनामा
शनिवार, १९ एप्रिल

प्रिय वहिनी,
जय भीम.

ता. क. वाचला. नोंद घेतली.

यादी: गमरे काकू (पुरणपोळी), मोरेबाई (पुरणपोळी), तळमजल्यावरच्या शिर्के बहिणी (अंडाकरी, दोन वेगळे डबे, कारण त्या एकमेकींशी बोलत नाहीत), इतर सात जणी साधारण बिर्याणी. झोहरा खाला रोज येतात. काल सांदणं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काय गो, पोरीला सांग, नवरा गेला तर जाव दे, पन जेवन सोडू नको. आणि बेड मागू नको, लाईबाला त्यावर झोप लागते." मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पाच मिनिटं हसल्या. मग म्हणाल्या, "इंशाल्ला सगला चांगला होईल. बेड तरी नाय देत."

गमरे काकांना मी गुरुवारी त्यांच्या अदलियातल्या ऑफिसखालच्या कॅफेत भेटले. सुगतने सोडलं, कारण टॅक्सी मिळत नव्हती. संभाषण जसं झालं तसं देते.

मी म्हटलं, "काका, दादा भिक्खू झालेला नाही. दहा दिवसांचं शिबिर होतं. ते संपलं."

काका म्हणाले, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"फोटो बघितला त्याच दिवसापासून. अगं, मी दोनदा केलंय शिबिर. चीवर कसं नेसलंय ते बघूनच कळलं, पहिल्या दिवसाचं आहे ते."

"मग ग्रुपवर तसं का लिहिलंत?"

"मी लिहिलं 'भंतेजी मिळाले'. दहा दिवसांसाठी मिळाले, असं मनात होतं. पण लोकांनी एवढे हात जोडले! बेटा, तीन वर्षं मी वर्गणीसाठी फोन करतो, कोण उचलत नाही. त्या दिवशी बावीस लोकांनी स्वतःहून फोन केले. मे महिन्याचं भोजनदानाचं वेळापत्रक एका तासात भरलं. माझ्या बायकोने चारही शुक्रवार घेतले, त्यावरून दोन घरांत अबोला आहे. आता मी कुठल्या तोंडाने सांगू?"

मी म्हटलं, "याच."

त्यांनी कॉफीत तिसरी साखर घातली आणि विचारलं, "रुपेशला थोडे दिवस चीवर घालता येईल का? बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमापर्यंत फक्त. १६ मे. मग खलास."

"काका, चीवर म्हणजे केटरिंगवाल्यांचा युनिफॉर्म नाही."

"नाही, ते बरोबर आहे," ते म्हणाले, आणि कॉफी ढवळली. मग म्हणाले, "मग असं कर. पुढच्या शुक्रवारी, २५ ला, सभा आहे. तिथे तू सांग. आणि दोघांची प्रमाणपत्रं आण. भंते नाही तर निदान बौद्धाचार्य तरी आहे, हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. रुपेशचं तर हवंच."

मी विचारलं, "आणि वहिनींचं?"

"आण, आण. तेही आण." हे त्यांनी साखरेची पुडी दुमडत म्हटलं.

घरची स्थिती. बाबा रोज सकाळी दाढी करताना आरशात बघून "या भंते, बसा भंते" असा सराव करतात. परवा ब्लेड लागलं. आईने मला विचारलं की मुलगा भंते झाला तर आईने त्याच्या पाया पडायचं असतं का. मी म्हटलं, प्रथा तशी आहे. आई म्हणाली, "माझ्याकडून नाही व्हायचं. मी त्याचं शी-शू काढलंय. वंदन करताना मला तेच आठवणार." मी आईला खरं सांगितलं आहे. तिला सुटल्यासारखं वाटलं. बाबांना सांगितलं तर ते म्हणतात, "हो हो, माहीत आहे," आणि पुन्हा सराव करतात.

तुमच्या बौद्धाचार्य परीक्षेचा निकाल आज लागणार होता. दोन्ही प्रमाणपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती २४ तारखेपर्यंत पाठवा.

उल्का

---

नागपूर
सोमवार, २१ एप्रिल

प्रिय उल्का,
जय भीम, नमो बुद्धाय.

हे पत्र मी लिहितोय, नीलमला सांगू नकोस. ती बाजारात गेलीय, बॅगेचं चाक तुटलंय ते बसवायला.

निकाल लागला. आपल्या घरासाठी अभिमानाचा दिवस आहे. संस्थेचा एकूण निकाल यंदा ब्याण्णव टक्के लागला, जो गेल्या वर्षीपेक्षा चार टक्क्यांनी जास्त आहे. आम्ही दोघांनी दोन वर्षं खूप कष्ट केले, आम्ही पहाटे उठायचो, आम्ही ध्यान केलं, आम्ही खेड्यापाड्यांत फिरलो, आम्हाला सगळ्यांनी प्रेम दिलं. आमच्या बॅचमधून पहिला क्रमांकही आमच्याच घरात आला, यातच सगळं आलं.

प्रमाणपत्राबद्दल एक विचारायचं होतं. मंडळाला दोन कागद लागतीलच का? नवरा-बायकोचं एकत्र असं काही चालेल का? एकाचं दाखवलं आणि दुसरं दाखवायची वेळच आली नाही, असंही होऊ शकतं. सभेत लोक किती बारकाईने बघतात? तू तिथे असतेस, तुला अंदाज असेल.

आणि गमरे काका म्हणतात ते अगदीच टाकाऊ नाही. १६ मे तर आहे. चीवर मला शोभतं असं इथले सगळे म्हणाले. अर्थात तू म्हणशील तसं. मी आपलं सुचवलं.

मनुष्यजन्मात परीक्षा हेच सर्वस्व नाही, हेही आम्ही इथे शिकलो.

तुझा,
दादा

---

मनामा
सोमवार, २१ एप्रिल

दादा,

तुझ्या पत्रात 'आम्ही', 'आम्हाला', 'आमच्या' मिळून आठ वेळा आहे. निकालाच्या परिच्छेदात 'मी' एकदाही नाही.

प्रश्न: तू पास झालास का? हो किंवा नाही.

उल्का

---

नागपूर
मंगळवार, २२ एप्रिल

उल्का,

नाही.

आता सांगतोच. लेखी निघाली. पालिपण काठावर निघाली. प्रात्यक्षिकात गेलो. प्रात्यक्षिकाला मंगल परिणय विधी आला होता. परीक्षक तीन. वर-वधू म्हणून आमच्याच बॅचमधली दोघं उभी केली होती, हार-बीर घालून. शिबिर संपून चार दिवस झाले होते, रोज वेगवेगळे विधी घोकत होतो. त्रिशरण नीट झालं. पंचशील नीट झालं. मग परीक्षक म्हणाले, "आता आशीर्वादाची गाथा घ्या." मी डोळे मिटले आणि सुरू केलं.

अर्धी झाल्यावर मला जाणवलं की समोर कोणीतरी हसतंय. ती वधू होती. वराने खरंच मान खाली घातली होती. उल्का, मी अंत्यविधीची गाथा म्हणत होतो. सगळं नश्वर आहे, ती. परीक्षकांनी मला पूर्ण करू दिली. मग मधले म्हणाले, "उच्चार शुद्ध आहेत. वधू-वरांना श्रद्धांजली वाहून झाली असेल तर बसा."

फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये आहे.

नीलम पहिली आली. तिचं प्रात्यक्षिक माझ्यानंतर लगेच होतं, तोच विधी, तीच दोघं. मी बाहेर दाराशी उभं राहून मोबाईलवर रेकॉर्ड केलं. सोबत पाठवतोय. ऐक म्हणजे कळेल मी का बोललो नाही. तिने मला एकदाही टोचलं नाही. मीच तिला म्हटलं, बाबांना मी सांगेन, तोवर तूही तुझा निकाल सांगू नकोस. आणि मग बाबांचे मेसेज यायला लागले. "भंते, जेवलात का?" असे. या वयात बाप मुलाला 'अहो-जाहो' करतोय, त्याला मी काय सांगू?

मी वर्गासाठी भांडत नाहीये. वर्ग तिचाच आहे. मी मुलांना खेळ घेईन, सतरंज्या मी अंथरेन, मला त्यात कमीपणा नाही. पण गमरे काकांना बाई चालेल का, याची मला खात्री नाही. म्हणून चीवरचं मनात आलं. म्हटलं, मी आत शिरतो आणि मग तिला आत घेतो. आता लिहिताना कळतंय की हे फारच मूर्खासारखं आहे.

दादा

---

नागपूर
बुधवार, २३ एप्रिल

प्रिय उल्का,

तुझ्या दादाने काल जेवताना सगळं कबूल केलं. तुला लिहिलं हेही, मला न सांगता लिहिलं हेही, आणि चिवडा खाल्ला हेही, जे मला माहीत होतं. दोन घास खाल्ले की थांबायचा, एक कबुली द्यायचा, पुन्हा दोन घास. वांग्याची भाजी संपेपर्यंत चाललं.

मी त्याच्यासाठी गप्प बसले, ते चार दिवस पुरे झाले. सोबत माझं प्रमाणपत्र पाठवतेय. एकटं. त्याच्यावर पहिला क्रमांक लिहिलेला आहे आणि सहीशेजारी चहाचा डाग आहे, तो संस्थेतच पडला, माझा नाही.

सभेत काय होईल ते मला इथे बसून दिसतंय. मुलांना शिकवायला बाई सगळ्यांना चालेल. लग्न लावायचं म्हटलं की सगळ्यांना आपापले मामा आठवतील. पण दोन्ही कामं एकत्रच आहेत, आणि मला दोन्ही हवीत. अर्धं देत असतील तर नको म्हणून सांग. मी पुन्हा चष्मे विकेन.

हे सगळं मी स्वतः येऊन बोलले असते, पण सभा २५ लाच आहे. तू बोल. भाषण नको करूस. तुझ्या पद्धतीने बोल, एक दोन तीन.

 

नीलम

---

मनामा
शनिवार, २६ एप्रिल

प्रिय वहिनी (आणि दादा),
सप्रेम जय भीम.

सभा काल सायंकाळी पाच वाजता सुरू झाली. उपस्थिती सत्तेचाळीस. वंदना झाल्यावर मी उभी राहिले आणि कागदावरून वाचलं. एक, रुपेश भिक्खू झालेला नाही. दोन, तो बौद्धाचार्यही झालेला नाही, प्रात्यक्षिकात नापास आहे, फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये. तीन, नीलम बॅचमध्ये पहिली आली आहे, हे प्रमाणपत्र. चार, ते दोघं ८ मेला येत आहेत, एकत्र, आणि नवरा-बायको आहेत.

मी प्रमाणपत्र गमरे काकांकडे दिलं. मग गमरे काकू म्हणाल्या, "म्हणजे माझे चार शुक्रवार?"

मोरेबाईंनी आईकडे बोट दाखवून विचारलं, "आणि मी या सरितावहिनींकडे रडून आले ते?"

आई म्हणाली, "वाया नाही गेलं हो. पुरणपोळ्या चांगल्या झाल्या होत्या."

यावर गोंधळ झाला. कोणी म्हणालं फसवणूक झाली, कोणी म्हणालं फोटो कोणी पाठवला ते बघा. तेव्हा बाबा उठले. ते सभेत बोलत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, "फोटो मी पाठवला. चूक माझी. तो नापास झाला हे मला आत्ता कळलं. मला वाटत होतं तो भंते झाला, आणि कोणी सांगितलं तरी मी ऐकून घेत नव्हतो. दोन्हीतलं हे बरं आहे. घरात पोराला 'भंते' म्हणायला माझी जीभ वळत नव्हती." मग खिशातून मोबाईल काढत म्हणाले, "सून पहिली आली ते मात्र मी आता ग्रुपवर टाकणार आहे." आणि तिथेच उभ्याउभ्या टाकलं. सत्तेचाळीस मोबाईल वाजले.

गमरे काका प्रमाणपत्र हातात घेऊन बसले होते. त्यांनी ते नीट वाचलं, चहाच्या डागासकट. म्हणाले, "पोरगी हुशार आहे, वाद नाही. वर्ग द्यायला माझी ना नाही. विधींचं आपण ऑनलाइन चालू ठेवू."

मी म्हटलं, "अर्धं नको म्हणून सांगितलं आहे."

"अगं, पण बाईने लावलेलं लग्न म्हटल्यावर गावाकडचे नातेवाईक काय म्हणतील? मला चालेल. मी माझं सांगत नाही. पण पहिलं लग्न कोण लावून घेणार? कोण तयार आहे, हात वर करा. यल्ला, करा."

कोणी हात वर केला नाही. लग्नाच्या वयाची मुलं घरी असलेली सात घरं खोलीत होती. मी मोजली.

काका म्हणाले, "बघ. पद दोन्हीचं मिळून एकच आहे. विधीला एकही घर तयार नसेल तर ते देता येत नाही. हा नियम तुझ्याच बाबांनी लिहिलाय."

नियम खरा आहे. मी तपासला आहे.

दादाने पाठवलेलं रेकॉर्डिंग मी आदल्या तीन दिवसांत तीन वेळा ऐकलं होतं. पहिल्यांदा उच्चार तपासायला. दुसऱ्यांदा वेळ मोजायला, अठरा मिनिटं. तिसऱ्यांदा ऐकायला काही कारण नव्हतं. वहिनी, तुम्ही प्रतिज्ञा घेताना प्रत्येक वाक्यानंतर थांबता आणि त्या दोघांना ते वाक्य कळेपर्यंत पुढे जात नाही. ती दोघं खोटी वर-वधू होती, तरी दहाव्या मिनिटाला त्या मुलीचा आवाज बदलला. माझं काम मोजमापाचं आहे. मला बदललेला आवाज कळतो.

म्हणून मी हात वर केला.

काका म्हणाले, "कोणाच्या लग्नासाठी?"

"माझ्या."

आई म्हणाली, "तुझं लग्न ठरलंय?"

"हो."

"कधी?"

"चौदा महिन्यांपूर्वी."

बाबा म्हणाले, "कोणाशी?"

मी नाव घेण्याआधी प्रोजेक्टरची वायर धरून बसलेला सुगत उभा राहिला. उभं राहताना चहाचा थर्मास आडवा झाला. तीन लिटर. पहिल्या रांगेने पाय वर घेतले. सुगत म्हणाला, "माझ्याशी," आणि मग, कोणी न विचारता, "थर्मास मी भरून देतो."

गमरे काका त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, "पलंगाचे पाय कापायला हा स्वतःहून गेला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. घरी एक खिळा ठोकत नाही."

काकू रडायला लागल्या. मला वाटलं विरोध आहे. त्या म्हणाल्या, "आता जेवण तरी मी ठरवणार ना?"

तुम्ही ता. क.मध्ये विचारलंत त्याचं उत्तर हे आहे. आधी सांगितलं नाही, कारण दोनदा तपासल्याशिवाय मी कुठलाच आकडा देत नाही, आणि हा तर आकडाही नव्हता. आई आज सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. पण दर दहा मिनिटांनी खोलीत येऊन मी तिथेच आहे ना ते बघते आणि जाते. बाबांनी ही बातमीही ग्रुपवर टाकली. माझ्या पासपोर्टच्या फोटोसह.

ठराव असा लिहिला गेला: "उल्का व सुगत यांचा मंगल परिणय विधी शुक्रवार दि. २० जून रोजी आयु. नीलम रुपेश यांनी लावण्याचे मान्य केल्यास, मुलांचा शुक्रवारचा वर्ग व सर्व विधी १६ मेपासून त्यांच्याकडे राहतील. श्री. रुपेश यांनी ऑक्टोबरपर्यंत खेळ व सतरंज्या पाहाव्यात." मतं: बाजूने एकतीस, विरोधात चार, बाकीचे चहा पुसत होते. काकांनी बाजूने हात वर केला. थोडा उशिरा केला, पण केला.

हे उपकार म्हणून विचारत नाही. वर्ग मिळावा म्हणूनही नाही. कुठलाच वर्ग नसता तरी मी तुम्हालाच विचारलं असतं, फक्त मग बहुधा आणखी चौदा महिने लागले असते.

२० जूनला माझं आणि सुगतचं लग्न तुम्ही लावाल का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. हॉलवाला बुधवारपर्यंत तारीख धरून ठेवेल, म्हणून तुमचं उत्तर मला मंगळवार, २९ एप्रिलपर्यंत हवं आहे.

उल्का